तांबट गल्लीतलं मानसशास्त्र

जेवणं आटोपली की तांबट गल्लीत एक वेगळाच उजेड यायचा. खालच्या अंगणात तांब्याचे हंडे, घंगाळी, बंब उन्हात मांडलेले असायचे. ऊन त्यांच्या पोटावर पडायचं, तिथून उडायचं आणि माझ्या खोलीच्या छताला येऊन चिकटायचं. तांबूस, ओलसर, सारखं हलणारं. खिडकी बंद, पंखा बंद, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबलेला, आणि मी मायक्रोफोनसमोर बसून वर बघत राहायचे. विहिरीच्या तळाशी बसून वरचं पाणी बघावं तसं वाटायचं. मग घसा खाकरायचा, पान उलटायचं आणि वाचायला लागायचं.

वाचणं हेच माझं काम होतं. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी कॉलेजची पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची. संस्था पुण्याची, खोली नाशिकची, आणि वाचणारी मी, घोटीच्या पलीकडच्या एका भातशेतीच्या गावातली. मी बी.ए. आहे, मराठी घेऊन, पहिल्या वर्गात. आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, आणि सांगताना मला अजूनही बरं वाटतं.

खोली संस्थेला कुणीतरी फुकट दिली होती. फुकट का दिली, हे तेव्हाच कुणीतरी विचारायला हवं होतं. कारण खाली, समोर, शेजारी, मागे, सगळीकडे तांबटांची घरं. सकाळी भांडी ठोकायला सुरुवात झाली की गल्ली एकच मोठं भांडं होऊन वाजायची. माझ्या आधी दोघांनी ही खोली सोडली होती. एकाचं डोकं दुखायला लागलं, आणि दुसरीनं पुण्याला कळवलं की इथे रेकॉर्डिंग करायचं म्हणजे लग्नाच्या मांडवात झोपायचं.

पुण्याला रेकॉर्डिंग तपासणारे एक सर होते. ते स्वतः अंध. फोनवर फार थोडं बोलायचे आणि जे बोलायचे ते परत फिरवायचे नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्पष्ट सांगितलं, की नाशिकच्या खोलीतून आजवर एकही पुस्तक पूर्ण होऊन आलेलं नाही. दिवाळीपर्यंत एक तरी पुस्तक पूर्ण आणि नीट आलं तर खोली राहील. नाही तर माईक, कॉम्प्युटर सगळं पुण्याला परत, आणि नाशिकचं काम बंद.

काम पुण्याला गेलं असतं तर मी काही पुण्याला गेले नसते. घरून एवढ्या लांब पाठवणार नव्हते, आणि माझ्याजवळही तिथे खोली घेऊन राहण्याएवढं काही नव्हतं. म्हणजे ते एक पुस्तक झालं तर मी नोकरीवाली, नाही तर पदवीधर पोरगी, घरी बसलेली. गावात पदवीधर पोरगी घरी बसली की लोक पदवीलाच हसतात. ते हसणं मला सहन होणार नव्हतं.

पुस्तक होतं मानसशास्त्राचं. पहिल्या वर्षाचं, जाडजूड. अवधान, स्मृती, विस्मरण, भावना, आणि सगळ्यात शेवटी झोप आणि स्वप्नं.

मी आधी सरळ खाली गेले. खालचं घर एका तांबट कुटुंबाचं. घरचे कर्ते म्हणजे एक म्हातारे, त्यांना सगळी गल्ली दादा म्हणायची. त्यांचा मुलगा, आणि सून. सुनेला मी काकू म्हणायला लागले. मी दादांना समजावून सांगितलं, की मी अंध मुलांसाठी वाचते, तर रोज थोडा वेळ हातोड्या थांबवता येतील का. माझी कल्पना, अंध मुलं म्हटल्यावर कुणी नाही म्हणणार नाही.

दादांनी हातातली हातोडी खाली ठेवली नाही. ठोकता ठोकताच म्हणाले, "मॅडम, तुमची मुलं परीक्षेला बसणार. आमचीपण जेवायला बसतात."

मी जिना चढून वर आले.

मग मी माझ्या परीनं लागले. गावाहून आईच्या हातच्या गोधड्या आणल्या, जीपमध्ये मांडीवर घेऊन. जुन्या लुगड्यांच्या, थरावर थर घातलेल्या. त्या भिंतींवर खिळे ठोकून लावल्या. आई म्हणाली होती, माणसांना पांघरायच्या गोधड्या भिंतींना कशाला गं पांघरतेस, त्यांना काय थंडी वाजते का. पण गोधड्यांनी खोलीतला घुमारा गेला. माझा आवाज एकदम जवळ आला, स्वतःच्या कानाशी बोलल्यासारखा. शेजारपाजारचे घावही त्या गिळायच्या, अगदी खालच्या अंगणातले मात्र यायचेच.

तेव्हा मी ऐकायला लागले. तांबं ठोकून ठोकून कडक होतं. मग ते भट्टीत तापवून मऊ करावं लागतं, आणि तेवढा वेळ हातोडी बंद. भट्टी शांत झाली की पुन्हा ठोक. वर बसल्या बसल्या मला हे आपोआप कळायला लागलं. खाली हातोडी थांबली, कुणीतरी खोकलं, चिमट्याचा आवाज आला, की मी बटण दाबायचे आणि वाचायला लागायचे. एक परिच्छेद, कधी अर्धा. पुन्हा घाव पडला की थांबायचं. संध्याकाळी ते सगळे तुकडे कॉम्प्युटरवर जोडायचे. जोडलेलं ऐकलं तर एकही घाव ऐकू यायचा नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आईलासुद्धा फोन करून सांगितलं, की तुझ्या लेकीनं तांबट गल्लीत शांतता तयार केली.

श्रावणभर मी अशी वाचत राहिले. तो सगळा काळ मला आता अर्धवट झोपेत पाहिल्यासारखा आठवतो. सकाळची जीप, घाटनदेवीकडचं धुकं अंगावर घेऊनच मी नाशकात उतरायचे. गल्लीच्या तोंडाशी चहाचा वास, मग चिंचेचा वास. भांडी चिंचेनं घासून लाल करायचं काम काकूंकडे असायचं, त्यांचे हात कायम त्या वासाचे. मग जिना, गोधड्या, आणि कानांवर हेडफोन. हेडफोन लावला की सगळं लांब जायचं. घावसुद्धा दुसऱ्या कुठल्या तरी गावात पडत असल्यासारखे वाटायचे.

पहिली चार प्रकरणं पुण्याला पाठवली. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला.

ते म्हणाले, "तुम्ही वाचताना चालता का?"

मी म्हटलं, "नाही सर. खुर्चीवर बसून वाचते."

"मग जात्यावर बसता का? सगळं ठेक्यात येतंय. मी अवधानाचं प्रकरण ऐकत होतो आणि माझी मान हलायला लागली. बाई, हे मानसशास्त्र आहे, पाळणा नाही."

त्यांनी चारही प्रकरणं परत पाठवली.

त्या दिवशी जीपमध्ये मी पहिल्यांदा माझं रेकॉर्डिंग विद्यार्थ्यासारखं ऐकलं. डोळे मिटून. घाव कुठेच नव्हता, शपथेवर सांगते. पण प्रत्येक वाक्य ठरलेल्या जागी उचललं जात होतं आणि ठरलेल्या जागी पडत होतं. 'अवधान म्हणजे... अनेक उद्दीपकांतून... एकाची निवड...' मी श्वासही त्याच तालात घेत होते. तांबट शेवटी भांड्यावर एकसारखे बारीक घाव घालतात, त्याला ते मठारणं म्हणतात. भांड्यावर ते गोल गोल ठिपके त्यानंच उमटतात. दिवसभर मी त्या ठोक्यांच्या मधल्या फटीत बसून वाचत होते, आणि त्यांनी मलाही मठारून टाकलं होतं. मी आवाज कापून टाकला, ठेका तसाच राहिला.

शेजारची बाई म्हणाली, पोरी, मळमळतंय का, खिडकीकडे बस. मी खिडकीकडे बसले.

रडू आलं नाही. राग आला. एवढं करून पाळणा. माझा गावठी हेल जावा म्हणून मी कॉलेजची तीन वर्षं शब्दन् शब्द घासला होता. आता हेल गेला आणि ठेका आला. घरी आल्यावर आईनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काय नाय. ती म्हणाली, मग जेव.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, की हातोड्यांच्या फटीत वाचायचंच नाही. दुपारी गल्ली जेवते आणि जेवून आडवी होते. पंचवटीपासून इकडच्या सगळ्या जुन्या नाशकाला ही दुपारची झोप लागतेच. तेवढाच वेळ खरा शांत. तेवढ्यातच बसून, एका दमात वाचायचं. रोज थोडं होईल, पण सलग होईल. पण सलग वाचतानाही ठेका सुटेना. मी मुद्दाम मोडायला गेले की वाक्यं लंगडायची. मी घाई केली की सरांचा आवाज कानात यायचा. माईकच्या काळ्या जाळीकडे बघत बसायचे. त्या जाळीच्या पलीकडे कोण आहे तेच मला दिसत नव्हतं.

अशा एका दुपारी दारावर टकटक झाली. काकू होत्या. पदरानं हात पुसत म्हणाल्या, "तू वर झोपेचं आणि स्वप्नांचं काहीतरी वाचतेस म्हणे."

मी म्हटलं, अजून तिथवर पोचले नाही, ते शेवटचं प्रकरण आहे.

काकू उंबऱ्यावरच बसल्या. मला एक स्वप्न पडतं, म्हणाल्या. नेहमी तेच. स्वप्नात हातोड्या थांबतात. आमच्या, समोरच्या, सगळ्या गल्लीच्या, एकदम. आणि मी दचकून उठते, की कोण गेलं. या गल्लीत दिवसभर हातोड्या थांबतात त्या एक तर कुणी गेलं तर, नाही तर अमावास्येला. त्यांच्यात अमावास्येला हातोडी उचलत नाहीत. त्यामुळे अमावास्येला काकूंना दिवसाही झोप लागत नसे आणि रात्रीही. पुस्तकात याचं काय लिहिलंय, एवढंच त्यांना हवं होतं.

मी म्हटलं, तेवढं पान आत्ता वाचून दाखवते.

"नको गं," काकू म्हणाल्या. "पोथी कुणी मधूनच ऐकतं का? पहिल्यापासून वाच. मी येत जाईन."

मी सांगितलं, की आवाज जराही चालणार नाही. काकूंनी हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या, त्यावर पदर गुंडाळला, आणि गोधडीला पाठ टेकून बसल्या. जशा काही देवळात बसल्यात.

मी पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. दोन वाक्यं झाली आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. मी वाक्य थांबवलं, मागे गेले, जरा सावकाश म्हटलं. आठी गेली. पुढच्या ओळीला त्यांनी मान हलवली, हो हो, हे बरोबर आहे अशी. 'अनेक आवाज चालू असताना माणूस आपल्याला हवा तोच ऐकतो' हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की हे लिहिणारा आमच्या गल्लीत राहून गेलाय का.

मला तेव्हा घर आठवलं. आमच्या घरी मी दुसरी-तिसरीत असल्यापासून घरातलं सगळं वाचायचं काम माझ्याकडे होतं. लाइटचं बिल, औषधाच्या बाटलीवरचं, लग्नाच्या पत्रिका, तालुक्याहून आलेला कुठलाही कागद. बाबा म्हणायचे, वाच गं जरा. आणि मी कागदाकडे कमी आणि त्यांच्या तोंडाकडे जास्त बघून वाचायचे. त्यांना कळलं नाही की लगेच दिसायचं. मग मी तेच दुसऱ्यांदा, हळू. मोठ्यानं वाचणं म्हणजे मला हेच माहीत होतं, समोर बाबा नाही तर आई. खोलीत आल्यावर समोर कुणी नाही म्हणून मी हातोडीला धरून चालले होते.

मी त्या दुपारचं प्रकरण पुन्हा ऐकलं. ठेका नव्हता. कुठे थांबले होते, कुठे जरा पुढे वाकले होते, ते ऐकू येत होतं. ते काकूंचं कपाळ होतं.

तिथून पुढचे दिवस म्हणजे त्या दुपारीच आहेत माझ्यासाठी. सकाळ-संध्याकाळ काय झालं ते आठवत नाही. दुपार आठवते. छतावर तो हलता उजेड. बाहेर सगळी गल्ली झोपलेली, कुठे एखादं कुत्रं भांड्यांच्या सावलीला पसरलेलं. गोधड्यांतून आईच्या जुन्या लुगड्यांचा आणि काकूंच्या हातातून चिंचेचा वास. मी वाचते आहे आणि काकू बघताहेत. स्मृतीच्या प्रकरणाला त्यांना त्यांचं माहेर आठवलं, येवल्याकडचं, ते वाचून झाल्यावर बटण बंद केल्याकेल्या सांगितलं. विस्मरणाच्या प्रकरणाला म्हणाल्या, हे आमच्या दादांना ऐकव, उधारी कुणाला दिली तेवढं सोडून सगळं विसरतात. रागाच्या प्रकरणात त्यांनी नवऱ्याला ओळखलं. आणि एकदा, ते उंदराला पिंजऱ्यात ठेवून काही शिकवल्याचं होतं, तेव्हा त्यांना एवढं हसू आलं की पदर तोंडात कोंबून त्या जिन्यात पळाल्या, आणि मला ती दोन पानं दुसऱ्या दिवशी परत वाचावी लागली.

खाली दादा टोमणे मारायचे. आमची सून आता कॉलेजला जाते, म्हणायचे, कॉलेज लय लांब नाही, वरच्या मजल्यावर आहे. काकू म्हणायच्या, तुम्हीपण चला, तुमचं प्रकरण वाचून झालं कालच.

भाद्रपद असा गेला. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं आणि पितृपक्ष संपत आला. तेव्हा काकूंनीच मला सांगितलं, की घटस्थापनेपासून दिवाळीपर्यंत गल्लीत दुपारची झोप बंद. धनत्रयोदशीला नाशिक भांडी घ्यायला येतं, त्याचा सगळा माल तेव्हा व्हायचा असतो. जेवणसुद्धा पाळीपाळीनं. म्हणजे माझी दुपार गेली. सर्वपित्री अमावास्या हा शेवटचा शांत दिवस. त्या दिवशी प्रकरण झालं तर पुस्तक पुरं, नाही तर सरांना कळवायचं की एका प्रकरणानं राहिलं. सर काय म्हणतील ते मला माहीत होतं. राहिलेलं पुस्तक म्हणजे न झालेलं पुस्तक.

अमावास्येला मी पहिल्या जीपनं आले. गल्लीत पाऊल टाकलं आणि कानाला दडे बसल्यासारखं झालं. एकही हातोडी नाही. आपण बहिरे झालोय की काय असं वाटावं अशी ती शांतता. आज पूर्ण दिवस माझा, असं म्हणत मी वर गेले, टॉवेल फटीत कोंबला, हेडफोन लावला, बटण दाबलं, आणि पहिलं वाक्य वाचलं. 'निद्रा ही जीवनाची...'

"काव, काव, काव."

गच्चीवरून. मग शेजारच्या गच्चीवरून. मग समोरून. सर्वपित्री. प्रत्येक घराच्या गच्चीवर केळीच्या पानावर भात, वडे, खीर वाढून घरची माणसं कावळ्यांना बोलावत होती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या गावात घरं लांब लांब, एका घरची हाक दुसऱ्या घरी जात नाही. इथे सगळी गल्ली एकदम कावळ्यांना हाका मारत होती, आणि हातोडीला निदान थोडा ताल तरी असतो.

मी थांबले. एकेका गच्चीवरचा कावळा खाऊन उडायचा आणि तिथलं काव काव बंद व्हायचं. हळूहळू गल्ली निवत गेली. पण खालच्या घराचं पान तसंच. कावळा समोरच्या पत्र्यावर बसला होता, शांत, बघत. दादांच्या बायकोचं पान होतं ते. त्या फार कडक होत्या असं काकूंकडून ऐकलं होतं. घर सगळं माझ्या खिडकीखालच्या छोट्या गच्चीवर उभं, जेवणं खोळंबलेली. दादा हात जोडून बोलत होते. अमुक करीन, तमुक करीन. नातवाची मुंज धडाक्यात करीन. तंबाखू सोडीन. कावळा हलेना. मुलगा म्हणाला, तंबाखू सोडीन हे आईला खरं वाटणार नाही.

मी खिडकी किलकिली करून बघत होते. दादांनी मान वर केली तेव्हा नेमकी मी त्यांना दिसले. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कावळ्याकडे, आणि म्हणाले, "बरं बाई. आज दिवेलागणीपर्यंत कुणी हूं की चूं करणार नाही. पोरीला वाचू देतो."

कावळ्यांवर माझा विश्वास आहे असं नाही, मी बी.ए. आहे. पण कावळा उतरला.

जेवण करून गल्ली जी झोपली तशी झोपलेली मी कधी बघितली नाही. वड्यांची आणि खिरीची झोप. दादांनी आपला शब्द पाळला, नळाखाली बादलीसुद्धा लावू दिली नाही. काकू वर आल्या, बांगड्या मागे सारल्या, बसल्या. आज त्यांचं प्रकरण होतं. छतावर तो उजेड होता, पण भांडी कमी मांडलेली म्हणून विरळ, कडेकडेनं हलणारा. मी सुरुवात केली.

झोप टप्प्याटप्प्यानं कशी येते. आधी अंग सैल होतं, मग बाहेरचे आवाज लांब जातात, मग माणूस बुडत जातो, पुन्हा वर येतो, आणि त्या वर येण्यात स्वप्नं पडतात. मी काकूंकडे बघून वाचत होते. त्यांच्या कपाळावर आठी नव्हती. त्यांची पापणी जड झाली, उघडली, पुन्हा जड झाली. स्वप्नांच्या पानावर मी पोचले आणि काकू झोपल्या. गोधडीला डोकं टेकून, तोंड जरा उघडं, हात मांडीवर. थोड्या वेळानं त्यांचा श्वास ऐकू यायला लागला, सावकाश, जड, आणि मग बारीक घोरणं. हेडफोनमध्ये तो माझ्या आवाजाइतका जवळ होता.

मला माहीत होतं की हे पान वाया गेलं. बटण बंद करून त्यांना उठवायला हवं होतं. दिवस तेवढाच होता. पण ज्या बाईला अमावास्येला झोप लागत नाही ती माझ्यासमोर झोपली होती, आणि मला वाटलं, मी थांबले तर त्यांच्या कानात सगळं एकदम थांबेल. म्हणून वाचत राहिले. अगदी सावकाश. माईकसाठी नाही, कुणासाठी रेकॉर्ड नाही, नुसतं त्यांच्या झोपेवर वाचत राहिले. पुस्तक काय सांगत होतं ते मला कळत होतं आणि कळत नव्हतं. माझेही डोळे मिटत होते. त्या तांबूस उजेडात मी आणि ती बाई आणि बाहेरची सगळी झोपलेली गल्ली एकाच पाण्यात तरंगत असल्यासारखे होतो, आणि मला खरंच आठवत नाही, की मी तिथे किती वेळ पुस्तकातलं वाचत होते आणि किती वेळ माझंच काही बोलत होते.

काकू उठल्या तेव्हा ऊन छतावरून भिंतीवर उतरलं होतं. त्या इकडेतिकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आज ठोक नव्हता, तरी लागली की गं."

मी म्हटलं, लागली.

"माझं स्वप्न होतं का त्यात?"

मी खरं सांगितलं. काकू, तुमच्यासारखं एकही नव्हतं.

"असू दे," म्हणाल्या. "लिहिणाऱ्याला सगळ्यांचं कुठून माहीत असणार." आणि चहा टाकायला खाली गेल्या.

दिवेलागणीला अजून अवकाश होता. मी पाणी प्यायले, ती पानं उघडली आणि पहिल्यापासून पुन्हा वाचली. समोर गोधडीवर त्यांच्या डोक्याचा दाबलेला गोल तसाच होता. मी त्याच्याकडे बघून वाचत गेले. शेवटची ओळ वाचून बटण बंद केलं तेव्हा दादांची हाक आली, की पोरी, झालं असेल तर नळ सोडू का.

पुस्तक पुण्याला गेलं. मग वाट बघणं. घट बसले, आणि गल्लीत असा ठोक सुरू झाला की बोलायचं असेल तर कानाशी जावं लागायचं. खोलीत करण्यासारखं काही नव्हतं तरी मी रोज येत होते. घरी बसले असते तर लोकांनी विचारलं असतं.

दिवाळीला थोडे दिवस राहिले असताना सरांचा फोन आला. मी जिन्यात होते. काय म्हणतात काही ऐकू येईना. मी ओरडले, सर थांबा, थांबा, आणि फोन तसाच चालू ठेवून गल्लीतून धावत नदीच्या बाजूला निघाले. भांड्यांच्या राशी, गिऱ्हाइकं, हातगाड्या, सगळ्यांतून. सर फोनवर थांबले. घाटाच्या पायऱ्यांवर आले तेव्हा कुठे ते ऐकू आले. ते विचारत होते, पोचलात का.

मी म्हटलं, हो सर.

"तिसऱ्या प्रकरणात एक शब्द गिळलाय. पुढच्या वेळी गिळायचा नाही." मग म्हणाले, "पुस्तक घेतलंय. खोली राहील. आणि शेवटचं प्रकरण मी दोनदा ऐकलं. तपासायला एकदा पुरतं."

मी काहीतरी बोलले असेन. ते म्हणाले, पुढचं पुस्तक तर्कशास्त्राचं आहे, पोस्टानं पाठवतो.

मी तिथेच पायरीवर बसले. गोदावरीत संध्याकाळचे दिवे सोडायला लोक जमत होते, कुणाची तरी पाण्यात पडलेली चप्पल लांब चालली होती आणि तिचा मालक काठानं तिच्याबरोबर चालत होता. मी आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "म्हंजी आता नोकरी पक्की झाली का?"

"पुढच्या पुस्तकापर्यंत पक्की."

"अन् मंग?"

"मग त्याच्या पुढचं पुस्तक."

मग तिनं विचारलं, आता कशाचं हाय पुस्तक. मी म्हटलं, तर्कशास्त्राचं. नीट विचार कसा करायचा, ते त्यात असतं.

"ते आधी वाचायचं नाय का," आई म्हणाली. "मंग तांबटांच्या घरावर जाऊन कशाला बसली असतीस."

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिला फोनवर दिसणार नव्हतं. जीपची वेळ झाली होती. मी उठले आणि पिशवीत हात घालून बघितलं. खोलीची किल्ली होती तिथेच होती. ती आता कुणाला परत द्यायची नव्हती.